सामंतांच्या बेसमेंटमधली पावडर

शनिवारी सकाळी कॅनडातल्या मिल्टनजवळच्या शूटिंग रेंजवर दिलीप दंडवत्यांचा उजवा डोळा गेला. रायफल त्यांचीच, पण काडतूस त्यांच्या जिवलग मित्राने, उल्हास सामंतांनी, आदल्या आठवड्यात घरी भरलेलं. ट्रिगर दाबला आणि रायफलच फुटली.

"आणि हे पोलिसांना सांगून मोकळे, चूक माझी!" चित्रा सामंत डोळे पुसत म्हणाल्या. "अहो शुभदाताई, हा माणूस हळदीच्या डब्यावरसुद्धा तारीख घालतो. यांच्या हातून शक्यच नाही. खरं काय ते मला कळलंच पाहिजे."

शुभदा खाजगी तपास करायची. तिचा नवरा गुरुदत्त गाडी चालवायचा आणि चुकीचे निष्कर्ष काढायचा. दोन्ही अगदी मनापासून!

चित्राताईंनी चहा टाकला. दोन डब्यांच्या तळाशी चिवडा उरला होता, तो त्यांनी एकात ओतला आणि रिकामा डबा लगेच घासून पालथा घातला. देवाजवळच्या बरणीत वाती होत्या. बरणीवरचं लेबल अर्धवट खरवडलेलं, १२ जुलै एवढंच वाचता येत होतं.

"यंदा गणपती बेसमेंटमध्ये बसवला," त्या सांगत होत्या. "ऐंशी माणसं! यांचं सगळं सामान मीच आवरलं."

चारला फोन वाजला. दिलीपरावांच्या पत्नी, पद्मजा.

"रोज करते बिचारी," चित्राताई फोन ठेवून म्हणाल्या. "म्हणते, भावजींना सांग, मनाला लावून घेऊ नका."

उल्हासराव बेसमेंटमध्ये बसून होते. निवृत्त इंजिनियर, दाढी चार दिवसांची.

"क्लबातल्या संजयने सदोष काडतुसं दिली होती. कोणी भरली, काय घालून, देव जाणे. जुलैत मी ती उघडली, गोळ्या आणि पितळी केसेस पुन्हा भरायला ठेवल्या. बारुदाची अनोळखी पावडर कधीच वापरायची नसते, बंदूक फुटू शकते. ती बरणीत काढून चिठ्ठी लावली, 'वापरू नये'. टाकून द्यायची राहिली."

"मग?"

"शनिवारची काडतुसं भरताना माझ्या डब्याऐवजी त्या बरणीतली घेतली. झालं."

"बरणी कुठाय?"

"फेकली." त्यांनी मान वर केली नाही. "ताई, चूक कुणाची का असेना, दिलीपचा डोळा येणार आहे का परत? सोडा ना हे."

ओकव्हिलचा संजय फोनवर वैतागला. "मी बजावलं होतं, पावडर टाकून द्या! फक्त केसेस घ्या!"

"हाच तो," गुरुदत्त म्हणाला. "किती चिडला बघ."

"गप रे." शुभदा पोलिसांचा अहवाल वाचत होती.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तिने दोघांना टेबलाशी बसवलं.

"चित्राताई, मी तपास इथेच थांबवू शकते."

"नाही. सांगा."

"उल्हासराव, तुम्ही खोटं बोललात. तुमची पावडर लांबट दाण्यांची. नुसती बरणीतली भरली असती, तर उरलेल्या काडतुसांत ते दाणे निघालेच नसते. पोलिसांना चपटे आणि लांबट, दोन्ही सापडले. तुमच्या डब्यातसुद्धा तेच मिश्रण. म्हणजे काडतुसं भरण्याआधीच कुणीतरी बरणी डब्यात ओतली होती."

"पण कोणी?" गुरुदत्त म्हणाला.

"बरणी फेकलेलीच नाही. घासून देवाजवळ ठेवलीय, आत वाती आहेत. त्यावर उल्हासरावांची तारीख आहे, १२ जुलै."

चित्राताईंनी देवाकडे पाहिलं. चेहरा पार उतरला.

"दोन्ही अर्धे होते..." त्या पुटपुटल्या. "काळं काळं, सारखंच दिसत होतं. म्हटलं, एक बरणी मोकळी होईल. चिठ्ठी वाचलीच नाही हो. सगळ्यालाच चिठ्ठ्या लावतात हे, कोण वाचतं?"

"हॉस्पिटलमधून आलो तेव्हा त्या बरणीत वाती दिसल्या," उल्हासराव म्हणाले. "पोलिसांना काय, दोषी म्हणून मी चालतो. हिला कळायला नको होतं. तेवढंच माझ्या हातात होतं."

शुभदाला स्वतःचाच राग आला.

चार वाजले. फोन वाजला.

उल्हासरावांनी हात पुढे केला, पण चित्राताईंनी आधी उचलला. पलीकडून पद्मजाताईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"चित्रा, भावजी जेवले का गं?"