विहिरीतलं इंजिन

"हेर महाशय, आधी शेण तुडवलंय ते बघा की!" रेश्मा शिवराजला म्हणाली. सुट्टीसाठी सोलापूरहून केमला आलेला तिचा हा मामेभाऊ आठ दिवस एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागला होता. सौरपंप रोज दहा वाजताच का बंद पडतो?

"आणि तेही ऐन उन्हात!" चप्पल घासत शिवराज म्हणाला.

मोठ्यांना मात्र शोध घ्यायची गरज वाटली नव्हती. पंप बिघडलाय असं ठरवून रेश्माच्या थोरल्या चुलत्यांनी, हिंदुराव तात्यांनी, जुनं डिझेल इंजिन काढलं. पाणी तळाला गेलेलं, वरून ओढेना, म्हणून ते चक्क विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं!

"तात्या, आत धूर कोंडंल," रेश्मा म्हणाली होती.

"गप गं! लई शाणी हायस!"

आज दोघं गोठ्यामागच्या सौर पॅनेलपाशी आली आणि थबकलीच. पॅनेलवर ओल्या वाकळा पसरलेल्या!

"आई, हे काय?" रेश्मानं वाकळ झटकणाऱ्या आईला विचारलं.

"रोज सकाळी दोन-तीन वाकळा धुतीया की. काच लई तापती, बिगीनं वाळत्यात."

"अगं, ऊनच न्हाय पडलं तर पंप चालंल कसा?"

रहस्य सुटलं! दोघं विहिरीकडे पळत सुटली. तात्या काठावर तंबाखू मळत बसले होते.

"अप्पा कुटं हायत?" रेश्मानं विचारलं.

"इंजिनाचा पट्टा सरकलाय. तुजा बाप उतरलाय खाली."

रेश्मा वाकली. "अप्पा! ओ अप्पा!" नुसती धडधड ऐकू आली. धुरात वडील भिंतीशी कोसळलेले दिसले.

शिवराज पायऱ्यांकडे झेपावला. तिनं त्याची कॉलर धरली. "उतरू नगंस! तू बी तितंच पडशील!"

डिझेलचा कॅन काठावर होता. त्यातून इंजिनाकडे गेलेली नळी तिनं हिसकून काढली. इंजिन थोडं धडधडून थांबलं.

"तात्या, दोर ओढा!"

उतरताना अप्पांनी कमरेला दोर बांधला होता. तिघांनी जीव खाऊन त्यांना वर घेतलं. श्वास अगदी मंद चालला होता.

"पाच मिनिटं उशीर झाला असता तर मी काहीच करू शकलो नसतो," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "आणि हिनं अडवलं म्हणून एकच पेशंट आला. नाहीतर दोन आले असते."

आई कोपऱ्यात रडत होती. तात्यांनी रेश्मापुढे हात जोडले. "तुजं ऐकाया पायजे हुतं, पोरी. तूच वाचीवलंस त्याला."

रेश्माला कौतुक नको होतं. अप्पांनी डोळे उघडावेत, एवढंच तिला हवं होतं.

दिवेलागणीला त्यांनी ते उघडले. "इंजिन... कुणी बंद केलं?"

"मी."

अप्पांनी तिचा हात घट्ट धरला. "आता कुणालाच चालू करू दिऊ नगंस."