पुजारिणीची पोथी

नवनीतच्या डोळ्यांत आधी मूठभर तिखट गेलं. डोळे चोळत तो आंधळ्यासारखा टेबलावर आदळला, खेळाचा पट आणि फासे जमिनीवर सांडले. मग डोक्यावर तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन बसलं, आणि तो पडल्यावरही बसत राहिलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना घाव मोजायला कपाळ धड उरलं नव्हतं.

"आनि पोलीस म्हंतस, हाई मन्हा भाऊ हेमकांतनी करं!" कामिनी पदरात तोंड खुपसून रडत होती. लोणखेड्याहून ती पहाटेच्या एसटीने नंदुरबारला आली होती. "ताई, कोंबडी कापतांना बी तो डोया मिटी लेस."

ममता गिरासे पायाने झोळी हलवत ऐकत होती. झोळीत तिची आठ महिन्यांची चिऊ झोपली होती. बाहेर 'खासगी चौकशी' अशी पाटी होती. एरवी लोक लग्नाआधी मुलाची माहिती काढायला येत. खुनासाठी पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

"पण त्याचे हात रक्ताने भरले होते ना?" कोपऱ्यातून हिलाल नाना म्हणाले. नाना निवृत्त हवालदार, ममताचे मदतनीस आणि चिऊचे लाडके वाहन. "रंगेहाथ सापडला पोरगा. आता काय चौकशी करायची?"

"नाना, पंचनाम्याचे फोटो बघायला मिळतील?"

"इन्स्पेक्टर वळवी साहेब माझ्या हाताखाली शिपाई होते," नाना छाती फुगवून म्हणाले. "नाही कसं म्हणतील?"

फोटो पाहताना ममताने झोळीचा पडदा ओढून घेतला. चिऊ झोपली होती तरी.

नवनीतचे दोन्ही तळवे तिखटाने आणि रक्ताने लाल झाले होते. फक्त उजवा अंगठा स्वच्छ, कुणीतरी पुसून काढल्यासारखा. खिडकीत काचेचा पेला होता, त्यात फिकट गुलाबी पाणी.

"हात धुतले असतील खुन्याने," नाना म्हणाले.

"पेल्यात? आणि मग हेमकांतचे हात रक्ताने भरलेले कसे राहिले?"

नानांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

कोठडीत हेमकांत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. वय पंचविशीचं, पण सहा महिन्यांपूर्वी वडील गेल्यापासून खांदे वाकले होते.

"आमचा खेळ आहे, ताई. पट, फासे, प्रत्येकाचं एक पात्र. नवनीत सूत्रधार, म्हणजे गोष्ट तो चालवतो आणि नियमही त्याचेच. मी मांत्रिक. रंजिता पुजारीण."

"गुरुवारी भांडण कशावरून झालं?"

"रंजिताच्या पात्राकडे मृताशी बोलायचा विधी आहे. दहा मिनिटं मंत्र म्हणायचे, मग मेलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता येतो. मला तो शिकायचा होता. माझ्या मांत्रिकाचा बाप गोष्टीत मेलेला आहे." त्याने नाक पुसलं. "खेळच आहे, मला कळतं. तरी. नव्या, म्हणजे नवनीत, म्हणाला, तुझ्या पंथाचा नाही तो, नियम म्हणजे नियम. मी ओरडलो, तुझा जीव घेईन. खाली अंगणापर्यंत ऐकू गेलं असेल."

"आणि शुक्रवारी?"

"संध्याकाळी सातला त्याच्या फोनवरून मेसेज आला. पाठ झालाय मला. 'हेम्या, तू जिंकलास. रंजिताच्या पोथीतून मृताशी बोलायचा विधी तुझ्या पोथीत उतरवून घे. आत्ताच ये. एकटा ये.' तू जिंकलास एवढंच वाचलं आणि पळालो, माझं घरही रनाळ्यातच आहे. तो कधी हार मानत नाही, ताई. वर गेलो तर..." त्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "डोकं मांडीवर घेतलं. रक्त चिकट झालं होतं. हात गार. मी किंचाळलो, तेव्हा खालचा पहारेकरी दलसिंग वर आला."

"फोन कुठे होता त्याचा?"

"दिसलाच नाही. पोलीस म्हणतात मी विहिरीत टाकला."

बाहेर आल्यावर नाना हळूच म्हणाले, "पोरगा खोटं बोलत नाही वाटतं. पण सातला नवनीत जिवंत होता, आणि त्यानंतर वर गेला तो हाच एक."

"सातला नवनीतचा फोन जिवंत होता, नाना. एवढंच आपल्याला माहीत आहे."

रंजिता नंदुरबारच्या एका शाळेत शिकवायची. शुक्रवारी सातला ती पालकसभेत होती, मुख्याध्यापकांच्या शेजारी. ती ममताकडे आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. सगळं रडून झाल्यावर असतात तसे.

"नवनीतने मला लग्नाचं अजून विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "विचारणार होता."

ममताने मेसेजचं नाव काढलं नाही. "मला तुमच्या खेळातले विधी समजावून सांग. लहान मुलाला सांगतात तसे."

"मांत्रिक विधी पोथीत उतरवून घेतो. दुसऱ्या मांत्रिकाची पोथी सापडली की तिच्यातून. पण मांत्रिकांचेच विधी, दुसऱ्या पंथाचे नाहीत. पुजारिणीचं वेगळं. ती पहाटे प्रार्थना करते आणि देव त्या दिवसापुरतं देतो. माझ्या हातात गदा आणि गळ्यात ताईत. बाकी हात रिकामे."

"म्हणजे हेमकांतला तो विधी कधीच मिळणार नव्हता?"

"मिळणार होता!" पहिल्यांदाच तिच्या आवाजात धग आली. "पातळी वाढली की एक देणगी निवडता येते, विधीसाधकाची. मग दुसऱ्या एका पंथाचे विधी शिकता येतात. पंथ एकदाच निवडायचा. या रविवारी हेमकांतची पातळी वाढणार होती. नवनीतने मला आधीच सांगितलं होतं. म्हणाला, त्याला सांगू नकोस, त्याचा चेहरा बघायचाय मला."

झोळीतून उठलेली चिऊ तिच्याकडे झेपावली. रंजिताने तिला उचललं आणि मग मात्र डोळे भरून आले.

रनाळ्याला नवनीतचे काका लोटन आबा यांचा मसाल्याचा कारखाना होता. अंगणभर मिरची वाळत घातलेली, मागे कुटाईची यंत्रं, कार्यालयाच्या वर नवनीतची खोली. ममताने चिऊला तोंडावर ओढणी टाकून नानांच्या खांद्यावर दिलं आणि फाटकातच थांबवलं.

पहारेकरी दलसिंग हात जोडून उभा राहिला.

"नवनीतला शेवटचं कधी पाहिलंस, भाऊ?"

"चारले वर गया, बाई. मंग आबा त्याले बलावाले वर गया. नंदुरबारले लगीननी हळद व्हती. खाले उना ते बोलना, नवनीत येत नही, खेळनी तयारी करी ऱ्हायना."

"वरून आवाज आला नाही?"

"मशीन चालू व्हतं. मशीनम्हा देव बी वरडना ते ऐकू येत नही."

"आबा लगेच निघाले?"

"आंघोळ करी, नवा कुडता घाली, पाचले गाडी काढी."

लोटन आबा कार्यालयात बसले होते. पांढरा सदरा, कपाळावर गंध. "बिनबापाचं पोर वाढवलं मी. त्या हलकटाला फाशी व्हायला पाहिजे. गुरुवारी मी खालून ऐकलं स्वतः, जीव घेईन म्हणत होता. कसलं तरी भुताखेतांचं पुस्तक मागत होता. सातला मी हळदीत होतो, दोनशे माणसांनी पाहिलं. तठे फोन उना, तुना पुतण्या गया."

"मिरचीला रंग फार छान आलाय, आबा."

"खान्देशी मिरची शे, ताई. रंग देवानं दिलेला."

परत येताना ममताला फाटकापाशी चिऊचं लाळेरं तिखटाच्या धुळीत पडलेलं दिसलं. लाळेने चिंब भिजलेलं. जिथे ओलं होतं तिथे गर्द गुलाबी झालेलं. तिने ते उचललं, झटकलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली.

"धुऊन टाका की," नाना म्हणाले.

"नको. हे चिऊचं पहिलं काम आहे."

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर वळवी, नाना, रंजिता, कामिनी आणि लोटन आबा त्याच कार्यालयात जमले होते. चिऊ घरी आजीकडे होती. ममताने टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि त्यात चिमूटभर तिखट टाकलं.

"हे माझ्या घरचं. बघा, तळाशी बसलं, पाणी तसंच. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तर तर्री लाल दिसते." तिने दुसऱ्या पेल्यात आबांच्या पोत्यातलं तिखट टाकलं. पाणी बघता बघता गुलाबी झालं. "माझ्या मुलीच्या लाळेऱ्यालाही हेच झालं. नवनीतच्या खिडकीत असाच पेला होता. त्यात रक्त नव्हतं. तो काकांच्या मालात मिसळलेला कपड्यांचा रंग तपासत होता."

"खोटं शे!" आबा उठले.

"बसा," वळवी म्हणाले.

"शुक्रवारी तुम्ही त्याला हळदीला बोलवायला गेलात. त्याने पेला दाखवला. पाचच्या आतच तो मेला, यंत्राच्या आवाजात. म्हणून हेमकांत पोचला तेव्हा हात गार होता, रक्त चिकटलं होतं. तुम्ही प्रेताचा अंगठा पुसलात, फोनवर टेकवलात, फोनचं कुलूपच काढून टाकलंत आणि फोन खिशात घातलात. कपड्यांवरचे लाल डाग इथे सगळ्यांना मिरचीचेच वाटतात. मग आंघोळ, नवा कुडता. आणि सातला दोनशे माणसांत बसून मेसेज."

वळवी म्हणाले, "मेसेज नवनीतने नाही लिहिला, हे तुम्हाला कसं कळलं?"

ममताने मेसेजचा कागद रंजितासमोर सरकवला. रंजिता वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"माझ्या पोथीतून?" ती म्हणाली. "मला पोथीच नाही."

"पुजारिणीला पोथी नसते," ममता म्हणाली. "देव देतो, ती मागते. जी पोथीच नाही, तिच्यातून उतरवायचं काय? नवनीत झोपेतही असं लिहिणार नाही. हेमकांत लिहिणार नाही, तू लिहिणार नाहीस. शिवाय दोनच दिवसांत हेमकांतला तो विधी नियमाने मिळणार होता, मग नवनीत नियम कशाला मोडेल? हे लिहिलं ते खेळ न जाणणाऱ्या, पण भांडण ऐकलेल्या माणसाने. आबा, काल तुम्हीच म्हणालात, तो भुताखेतांचं पुस्तक मागत होता."

वळवींनी खिशातून कागद काढला. "ममताताईंच्या सांगण्यावरून रात्री माहिती मागवली. मेसेज गेला तेव्हा फोन रनाळ्यात नव्हता. नंदुरबारच्या टॉवरवर होता, तुमच्या हळदीच्या मंडपाजवळ."

आबांचा हात पोत्यात गेला. लाल मूठ ममताच्या चेहऱ्याकडे सुटली आणि दुसऱ्या हातात पोती फाडायचा विळा आला. पण हिलाल नाना, जे आयुष्यभर सगळीकडे उशिरा पोचले, या वेळी वेळेवर मध्ये उभे राहिले. तिखट त्यांच्या डोळ्यांत गेलं, विळा दंडात हाडापर्यंत रुतला. तरी त्यांनी मिठी सोडली नाही. वळवींनी आबांचं मनगट टेबलावर आपटलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मी वाढवलं त्याले!" जमिनीवर दाबलेले आबा ओरडत होते. "मन्हंच खाईसन मालेच धमकी देत व्हता!"

कामिनी पुढे आली. थुंकली, आणि दारातून बाहेर गेली.

पुढच्या रविवारी कामिनीच्या घरी, लोणखेड्याला, पट मांडला गेला. ममता आली होती. नाना दंडाला पट्टी बांधून, चिऊला दुसऱ्या हातावर घेऊन दारात बसले. नवनीतच्या जागेवर कुणी बसलं नाही.

"तुझी पातळी वाढली," रंजिता म्हणाली. "देणगी निवड."

"विधीसाधक."

"पंथ?"

"पुजाऱ्यांचा."

रंजिताने कोरी वही पुढे ठेवली. हेमकांतने स्वतःच्या अक्षरात विधी लिहिला, एक ओळही न वगळता. मग डोळे मिटले आणि मंत्र म्हणू लागला. दहा मिनिटं घरात कुणी बोललं नाही. चिऊसुद्धा.

"आता प्रश्न," रंजिता हळूच म्हणाली. "एकच."

कामिनीला वाटलं, तो वडिलांना हाक मारेल. ठरलं तसंच होतं.

हेमकांतने रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"नव्या," त्याने विचारलं, "फार दुखलं का रे?"