सात तासांची गोष्ट

बसा. दार लावून घ्या. मध्ये कुणी बोलायचं नाही.

भोंगा माझ्या शेजारच्या गाळ्यात असायचा. भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज पार मागच्या गल्लीपर्यंत जाई, म्हणून हे नाव. त्या मंगळवारी तो दुरुस्तीला टाकलेला वजनकाटा आणायला शहरात गेला होता. परत निघाला तेव्हा आठ वाजलेले, चंद्र अजून उगवायचा होता. काटा मागच्या सीटवर ठेवला, किल्ली फिरवली, गाणी लावली.

आधी दादाचं सांगतो. दादा म्हणजे भोंगाचा थोरला भाऊ. त्याच्या घशाला रोग झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आवाज जाईल. दादानं आठवडाभर खोलीत बसून लेकीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड केली. स्वतः रचलेली, सात तासांची. पेन ड्राइव्ह भोंगाच्या हातात दिला.

"धाकट्या, दर शनिवारी तिला वसतिगृहातून तूच आणतोस. गाडीत लावत जा. दुसरी प्रत नाही."

"जिवापाड जपतो, दादा."

जपतोय कसला. गाडीतला प्लेअर जुना. किल्ली बंद केली की कुठवर आलो ते विसरायचा. पुन्हा पहिल्यापासून. भाजीच्या प्रत्येक खेपेला दादाचं तेच खाकरणं, तेच "ऐक, बाळ". भोंगा वैतागला. पुतणीची जेमतेम सुरुवात ऐकून झाली होती, तेवढ्यात यानं सगळं पुसलं आणि गाणी भरली.

ऑपरेशन झाल्यावर दादानं हातानंच विचारलं, कुठाय? भोंगा म्हणाला, "खराब झाला."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. पुढं महिन्याभरात गेला. डोळे मिटले नव्हते.

तर तो मंगळवार. फाटा ओलांडला आणि गाणं थांबलं. प्लेअरवरचे आकडे धावत होते. आवाज नाही.

मग कुणीतरी खाकरलं.

भोंगानं ड्राइव्ह उपटून खिशात कोंबला. आकडे धावतच राहिले.

"ऐक, धाकट्या."

किल्ली बंद केली. गाडी थांबली. आवाज थांबला नाही.

"माल एकच. गळा. चालता, खणखणीत. बोला..."

दार उघडेना.

"एक वार..."

बोली वाढली की मोजणी मोडते, तिसरा वार पडला की माल गेला, हे भोंगाला कुणी शिकवायला नको.

"गाडी देतो, दादा. गाळा देतो."

"पुसलेलं देशील?"

भोंगा दाराचा खटका ओढत राहिला.

"दोन वार..."

पुढं काही नाही. काचांवर वाफ धरली. आकडे थांबले. कुणी बोलेना. कुणीच...

तीस वर्षांची जीभ ती. "दोन वार" कानावर पडलं की पुढचं आपोआप तोंडून पडायचं. त्यानं दात आवळले. तोंडावर हात दाबला. दाबूनच धरला...

"तीन वार."

त्याचं त्यानंच म्हटलं.

दार उघडलं.

घरी आला तो मुका. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, गळा ठणठणीत आहे. लिलाव आता दुसराच पुकारतो. भोंगा पोती उचलतो.

त्या शनिवारी पुतणीला आणायला गेला. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "काका, गाणी तरी लावा. नुसते बसलाय घुम्यासारखे." यानं खिशातून ड्राइव्ह काढून दिला.

गाणी नव्हती. फाइल एकच. दादा खाकरला, "ऐक, बाळ" म्हणाला. पोरगी ओंजळीत तोंड धरून रडली.

घर आलं तरी तिनं किल्ली बंद करू दिली नाही. दोघं दारात गाडीतच बसून राहिले. गोष्ट संपली. थोडा वेळ नुसती खरखर. मग खणखणीत आवाजात दोनच शब्द आले.

पुतणी वळली.

"काका, हा तर तुमचा आवाज. बाबांच्या गोष्टीत तुम्ही कधी बोललात?"

भोंगानं तोंड उघडलं...