लुडबुड

हळबेबाईंच्या प्रयोगशाळेत नको असलेल्या हालचालीला एकच शब्द होता: लुडबुड. आणि बाईंचा दंडक असा, की लुडबुड नुसती पुसायची नाही. आधी ती कोणाची ते शोधायचं, मगच वजा करायची.

शलाका सकाळपासून तेच करत होती. खरं तर तिने आज घरीच राहायला हवं होतं. काल सोनोग्राफीत तिच्या बाळाचे ठोके सापडले नव्हते. "आठवडाभर वाट पाहू," डॉक्टरीणबाई नजर चुकवत म्हणाल्या होत्या. जीव असा टांगणीला लागलेला असताना घरात बसवेना, म्हणून ती आपल्या प्रकाशमापी यंत्रापाशी आली.

यंत्र तिने स्वतःच्या हातांनी जुळवलेलं. लेसरचा झोत दोन वाटांनी जायचा, आरशांवरून परतून पुन्हा एक व्हायचा आणि पडद्यावर काळे-उजळ पट्टे उमटायचे. आरसा अणूच्या रुंदीहून कमी सरकला, तरी पट्टे हलायचे.

"पंखा वजा केला, बाई. पंपही. तरी थरथरतायतच!"

"अगं, आरसे इतके हलके टांगलेस, की जवळपास कुठे रक्त उसळलं तरी त्याचं गुरुत्वाकर्षण त्यांना ओढतं. आपली दोघींची हृदयं आहेत ती! नाडीपट्टे बांध, दोन्ही ठोके वजा कर. पट्टे थांबले की तू पास."

तिने दोन्ही वजा केले. एक बारीक, घाईघाईची थरथर उरलीच.

"चुकलंच माझं काहीतरी," शलाका रडकुंडीला आली.

"रडतेस काय? कोणाची ते शोध. दारापर्यंत जा बघू."

शलाका दाराशी गेली, थरथर विरली. जवळ आली, थरथरही परतली. मग बाई स्वतः दाराशी जाऊन आल्या. पट्ट्यांना ढिम्म फरक पडला नाही.

"तुझ्याबरोबर येते-जाते," बाई हळूच म्हणाल्या. "वेडाबाई, या खोलीत तिसरं हृदय आहे!"

शलाकाने पोटावर हात ठेवला आणि ती हमसून हमसून रडू लागली. बाईंनी तिला पोटाशी धरलं.

"आहे गं, आहे! आता खात्री करून घे. कोणाची ते कळल्यावर काय करायचं?"

"वजा करायची," ती नाक ओढत म्हणाली, आणि पडद्यावरूनच ताल मोजून तिने तिसरा ठोकाही वजा केला. आता पट्टे थांबायलाच हवे होते.

थांबले नाहीत. तशीच घाईची, पण निराळ्या तालाची आणखी एक थरथर पडद्यावर चालूच होती.

बाईंनी तो ताल बोटांवर मोजून पाहिला. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "नापास! अगं, लुडबुड करणारे दोघं आहेत."