निकिताची शिट्टी

अश्विनीनं अमृतला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या धिप्पाड गड्याच्या खांद्यावर एक इवलंसं गुलाबी दप्तर लटकत होतं. मागून ऊस चघळत, बेफिकीर चालीनं, तिच्या नववीच्या वर्गातली निकिता.

"बाई, ही तुमची का?"

"माझीच. काय केलं हिनं?"

"माझ्या चालत्या ट्रॉलीला लोंबकळून ऊस उपटत हुती. मागं समदी पलटण! ऊस न्या हो... पन चाकाखाली गेली असती तर?"

बोलता बोलता अमृतचा आवाज कापला. अश्विनीला तो कापरा आवाजच आधी आवडला... डोळे नंतर.

हेडसरांनी मात्र निकिताच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचंच ठरवलं. "ही म्होरकी गेली, की बाकीची आपोआप सरळ होतील."

"सर, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत मुदत द्या," अश्विनी म्हणाली. "तोवर एक जरी पोर ट्रॉलीला लटकलं, तर दाखला मी स्वतः देईन."

बोलून बसली खरी, आता निभवायला हवं होतं. तिनं आपली खेळाच्या तासाची शिट्टी निकिताच्या गळ्यात घातली. "पोरं तुझंच ऐकतात ना? मग शाळा सुटली की हा रस्ता तुझा."

निकितानं पहिली शिट्टी फुंकली ती अमृतवरच!

"ओ दादा, तो ट्रॅक्टरवरचा स्पीकर बंद करा. तुमची गानी ऐकूनच पोरं पळत सुटत्यात!"

"म्हंजी... माझ्यामुळं व्हय?" त्यानं ओशाळून अश्विनीकडं पाहिलं.

"अर्धा दाखला तुमचाच काढायला हवा," ती हसू दाबत म्हणाली.

"काढा की. पन नाव तुमच्याच वर्गात घाला."

त्या दिवसापासून ट्रॉली मुकी झाली. शाळेपाशी थांबायची, पोरं पार झाली की निघायची. कधीकधी रस्ता रिकामा झाला तरी ट्रॅक्टर हलायचा नाही — का, ते गोदावरीवरून येणाऱ्या वाऱ्याला ठाऊक, नि अश्विनीच्या वळून बघणाऱ्या वेणीला.

एकदा दुसऱ्याच कुणाच्या ट्रॉलीमागं दहावीतला एक जण धावला. निकितानं त्याचा शर्ट धरला, स्वतः धुळीत लोळली, गुडघे सोलवटले.

"सोडला न्हाई, बाई!"

अश्विनीनं तिचे गुडघे पुसले. निकिताचे डोळे आपले वाहत होते, नि मान ताठ होती.

हंगामाची शेवटची खेप झेंडूच्या माळा लेवून, गुलाल उधळत आली. पोरं कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसलेली. एकही उठलं नाही. हेडसरांनी निकिताच्या डोक्यावर हात ठेवला. "दहावीला इथंच बसायचं बरं!"

अमृतनं उसाची मोळी निकिताच्या पुढ्यात ठेवली. "घे. सगळ्यांना वाट." मग अश्विनीकडं वळून, हळूच... "बाई, उद्यापासून ट्रॉली न्हाई. थांबायला कारनच उरलं न्हाई..."

"मग बिनकारणाचं थांबा," ती म्हणाली. "रोज. जन्मभर."

अमृतचा चेहरा गुलालाहून लाल झाला. निकितानं जोरात शिट्टी फुंकली. "दादा, उत्तर मिळालं ना? आता लावा गानं, नि काढा गाडी!"

गाणं घुमलं. एकही पोर जागचं हललं नाही. ट्रॉलीमागं धावलं ते फक्त अश्विनीचं मन... आणि त्याला अडवायला निकितानं शिट्टी काही वाजवली नाही.