सुचित्राचं पातेलं

"निहारिका, ते पातेलं नुसतं निथळत ठेवू नकोस गं. पूस, बार्बेक्यूच्या तव्यावर धर, खडखडीत कोरडं कर आणि मग टेबलावर उपडं घाल."

"काका, इट्स अ पातेलं, नॉट अ बेबी."

प्रतापकाका हसले नाहीत. हे जरा विपरीतच होतं. स्वतःच्या विनोदावर समोरच्याच्या आधी हसणारा माणूस. त्यांच्या गोष्टीतलं अर्धं खरं असतं, पण कुठलं अर्धं, ते त्यांनाही माहीत नसतं, असं आमच्याकडे म्हणतात.

जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, लाँग वीकेंडचा रविवार. हॉक्सबरी नदीवरचा बोटींचा धक्का. मिसळ संपली होती, मोठी माणसं आपापल्या बोटीत जाऊन घोरत होती, आणि शेडखाली उरले होते युनिव्हर्सिटीत जाणारी निहारिका, तिचा भाऊ रुद्र, तिची मैत्रीण मिताली आणि कानटोपी घातलेले काका. नदीवरून धुकं वर चढत होतं. निहारिकेनं पातेलं पुसलं, तव्यावर धरलं, हात भाजून घेतला आणि टेबलावर उपडं घातलं.

"हां. आता बसा," काका म्हणाले. "केलीव्हिलला माझ्या कुंपणाला कुंपण लागून एकजण राहतो. यतीन. मी सांगतो ते त्यानं मला सांगितलं, दिवसाउजेडी, चहा पिताना, पूर्ण शुद्धीत. गेल्या वर्षीची गोष्ट. आठ जून, रविवारची रात्र. अमावास्या नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू? वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. पण धुक्याला कुठली आलीय तिथी?"

यतीन म्हणजे आपल्या लोकांतला पहिला बोटवाला. त्याची बोट होती जुनी, बुटकी. आत शिरायचं तर वाकून, आणि सरळ उभं राहिलं की टाळक्याला छत. पण होती! दर रविवारी अर्धं केलीव्हिल तिच्यावर चढायचं. "बोट म्हणजे पाण्यात बांधलेली म्हैस रे बाबा, दूध नाही आणि चारा रोज," असं यतीन सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना छाती अशी फुगलेली. लोक त्याला कॅप्टन म्हणायचे. फोनमध्ये नंबरसुद्धा कॅप्टन म्हणूनच ठेवलेला.

मग शार्दूलनं बोट घेतली.

शार्दूल पॅरामॅटाला यतीनच्याच ऑफिसात. नाव वल्हवायची अक्कल नव्हती त्याला. दोर कसा फेकायचा, गाठ कशी मारायची, ओहोटीत बोट धक्क्याला कशी लावायची, सगळं यतीननं शिकवलेलं. आणि या पठ्ठ्यानं बोट घेतली ती दुमजली. आत फ्रिज, गरम पाण्याचा नळ, आणि दार लावता येईल असा संडास. वर जागा मिळाली धक्क्याच्या अगदी टोकाची, जिथून सगळं वळण दिसतं. त्या जागेसाठी यतीन किती वर्षं डोळे लावून बसला होता!

"शार्दूलकडे संडास तरी आहे रे," सुचित्रा म्हणाली. यतीनची बायको. ती सहज म्हणाली. ह्याच्या मनात मात्र ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलं.

खरा घाव पुढेच होता. एका रविवारी धक्क्यावरून मंडळातल्या राजीवनं हाक मारली, "ए कॅप्टन!"

"काय रे?" यतीन वळला.

राजीव त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता, वरच्या मजल्यावर गॉगल लावून उभ्या असलेल्या शार्दूलकडे. यतीननं उगाच केसांवरून हात फिरवला आणि आपल्या बोटीतलं पाणी उपसायला बसला. पाणी नव्हतंच.

त्या दिवसापासून शार्दूलनं काही केलं की ह्याच्या पोटात दुखायचं. शार्दूलच्या बोटीचं इंजिन एका दमात सुरू झालं, दुखलं. चिन्मयीनं, म्हणजे शार्दूलच्या बायकोनं, तिथे गरम कांदाभजी तळली, दुखलं. आणि भजी हा स्वतः तीन प्लेट खाऊन आला होता, त्यानंही दुखलंच.

"दॅट्स जस्ट भजी, काका," रुद्र म्हणाला.

"असेलही. ऐक."

आता ती दुमजली बोट मुळात अर्नी म्हाताऱ्याची. एकटा राहायचा त्याच बोटीवर, त्याच टोकाच्या जागेवर. नदीवर एक रीत आहे, तुम्ही पाहता ना? येणाऱ्यानं दोर फेकला की धक्क्यावर असेल त्यानं तो धरायचा आणि खुंट्याला बांधायचा. कुणाचा आहे, ते बघायचं नाही. भांडण घरी, दोर धक्क्यावर. अर्नी तर रात्री इंजिन ऐकू आलं की झोपेतून उठून, टॉर्च घेऊन, अंगावर रजई ओढून यायचा. त्यानं कुणाचा दोर पाण्यात पडू दिला नाही. आणि तोच एकदा हिवाळ्यात, धुक्यात, एकटा परत आला. "लाइन, मेट!" म्हणजे दोर धर रे मित्रा, अशी त्याची हाक असायची, आणि दोर बांधून झाला की "टा, मेट," म्हणजे थँक्यू. त्या रात्री ती त्यानं मारली की नाही, कुणाला माहीत. धक्क्यावर कोणी नव्हतं. दोर हातात घेऊन त्यानं स्वतःच उडी मारली असावी. सकाळी बोट धक्क्याला ठकठक आपटत होती. अर्नी नव्हता. तो सापडलाच नाही. मुलीनं बोट विकली, ती शार्दूलनं घेतली. आणि वर ती म्हाताऱ्याची हाकही उचलली. धक्क्याजवळ आला की नाकातून ओरडायचा, "लाइन, मेट!" सगळे हसायचे. यतीन सोडून.

तर ती रात्र. सोमवारी मंडळाचं जेवण होतं आणि सुचित्राचं मोठं पातेलं सापडेना. लग्नातलं, पुण्याहून बॅगेत घालून आणलेलं, काठावर नाव कोरलेलं. शेवटी आठवलं, मागच्या रविवारी शार्दूलच्या बोटीवर राहिलंय.

"म्हणजे माझ्या घरचं पातेलंसुद्धा आता तिकडेच जातं," यतीन म्हणाला.

"टोमणे नकोत. जा आणि घेऊन ये," सुचित्रा म्हणाली. "तुला बोलावलं होतं त्यांनी आज. तूच फुगून बसलास."

शार्दूल सहकुटुंब नदीवर होता, रात्री परतणार होता. यतीननं फोन लावला.

"अरे ये ना कॅप्टन!" शार्दूल म्हणाला. थट्टेत म्हणाला की प्रेमानं, देव जाणे. "पातेलं इथेच आहे. धुकं दाटतंय, आम्हाला उशीर होईल. चिन्मयी मुलांजवळ खाली असते, मी एकटाच वर. तू धक्क्यावर असशील तर बरंच. दोर घे फक्त माझा."

"घेतो की," यतीन म्हणाला.

गाडी चालवताना ते त्याच्या डोक्यात आलं. ओहोटी आहे. एकट्या माणसाला दोर घ्यायला कोणी नसेल तर ओहोटी बोट ओढते आणि धक्क्याच्या खांबावर घासते. कुणी मरत नाही. नुसता एक ओरखडा. पांढऱ्याशुभ्र अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग विचारतील लोक, कॅप्टन, हे काय झालं?

एकच ओरखडा. बस.

तो पोचला तेव्हा धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात. टोकाला एक दिवा असतो, त्याचं बटण खांबालाच आहे. यतीननं बटण दाबलं. दिवा गेला. मग तो आपल्या बुटक्या बोटीत शिरला, गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि वाट बघू लागला. मनातल्या मनात वाक्यसुद्धा तयार ठेवलं त्यानं. 'अरे, मी आत्ताच आलो. ट्रॅफिक लागलं.'

नदी काळीभोर. ओहोटीचं पाणी खांबांना चाटत होतं.

मग इंजिन आलं.

ओळखीचं इंजिन. तेच, एका दमात सुरू होणारं. धुक्यातून एक उंच पांढरी बाजू हळूहळू पुढे सरकली. दुमजली. वरती दिवा नव्हता. खालीही नव्हता. मुलं झोपली असतील, यतीनला वाटलं.

"लाइन, मेट."

काय नक्कल करतो लेकाचा, यतीन मनात म्हणाला. आज तर हुबेहूब.

सपकन दोर आला. धक्क्यावर पडला. आणि घसरत, घसरत... पाण्यात गेला.

यतीन हलला नाही.

बोट थोडी मागे गेली. इंजिन गुरगुरलं. पुन्हा पुढे.

"लाइन, मेट."

आवाज दमलेला होता. शार्दूल असा दमत नाही.

दोर आला. पडला. घसरला. ह्या खेपेला तो यतीनच्या बोटीच्या काठावरून गेला. हात पुढे केला असता तर मिळाला असता. यतीननं हात काखेत घातले. त्याला हसू येत होतं. थंडीनं असेल, पण दात वाजत होते.

मग बराच वेळ काहीच नाही.

"...मेट?"

हे इतकं हळू, की हाक नव्हतीच ती. कोणी आहे का, एवढंच विचारल्यासारखं.

आणि धप्पकन आवाज झाला. पाण्यात.

"शार्दूल!"

यतीन छताला टाळकं आपटून बाहेर पडला. धक्क्यावर गुडघ्यांवर आला. "शार्दूल! अरे ए! शार्दूल!" हातानं चाचपलं. दोराचं टोक हाताला लागलं. ओलंचिंब, बर्फासारखं. बाकीचा दोर काठावरून खाली पाण्यात गेला होता. त्यानं दोन्ही हातांनी ओढला.

जड.

"धर! घट्ट धर! मी आहे! मी इथेच आहे रे!" तो रडत होता. ओरखडा, बोट, कॅप्टन, सगळं कुठल्या कुठे. डोळ्यांपुढे चिन्मयी आणि खाली झोपलेली मुलं. "सोडू नको! शार्दूल, सोडू नको!"

दोर ताणला. पलीकडून कोणीतरी धरला होता.

खिशात फोन वाजला.

त्यानं एका हातानं दोर मनगटाला गुंडाळला, दुसऱ्या हातानं फोन काढला. पडद्यावर नाव होतं.

शार्दूल.

"अरे सॉरी सॉरी," शार्दूल म्हणत होता. "किती वेळ लावतोय, डोंगराआड सिग्नलच नाही. आम्ही नाही येत आज. धुक्यात काही दिसेना, वरच्या वळणापाशीच नांगर टाकलाय कधीचा. सगळे झोपले. तू जा घरी... हॅलो? यतीन? ऐकतोयस ना?"

यतीन ऐकत होता.

फोन त्यानं खिशात घातला. समोर बोट नव्हती. इंजिन नव्हतं. धुकं.

दोर ताणलेलाच होता.

आणि मग... एक हिसका. लहानसा. माशाचा नव्हे. माणूस दोर धरून बघतो ना, पक्का आहे का... तसा.

सोडून पळावं. पाय तयार होते. सोडला असता तर कोण विचारणार होतं? पण दोनदा त्यानं सोडला होता. तिसऱ्यांदा हातच उघडेनात. यतीननं श्वास घेतला. खुंट्यापाशी सरकला. शार्दूलला शिकवलेली तीच गाठ. एक वेढा. दुसरा. आकडा. आवळली.

दोर सैल पडला.

त्याच्या शेजारून धक्क्याच्या फळ्या वाजल्या. एक. मग पुढची. ओले पाय. सावकाश. त्याला ओलांडून... किनाऱ्याकडे.

यतीननं डोळे मिटले होते. ते त्यानं उघडले नाहीत.

"टा, मेट."

अगदी कानाशी.

काका थांबले. शेगडीतला निखारा तडकला तशी मिताली दचकली.

"मग?" रुद्र म्हणाला. आता तो मराठीत बोलत होता.

"मग उजाडलं. शार्दूल बोट घेऊन आला. यतीन धक्क्यावर उभा होता, रात्रभर तिथेच. टोकाचा दिवा लावलेला. त्यानं दोर धरला, बांधला, आणि शार्दूलच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. शार्दूलला वाटलं, धुक्याची काळजी केली बिचाऱ्यानं. 'कॅप्टन, अरे, असं काय?' म्हणाला. ह्या वेळी प्रेमानंच म्हणाला, यतीनला कळलं."

"आणि रात्रीचा तो दोर?"

"खुंट्यावर नव्हता. खुंटा कोरडा." काकांनी टोपी कानांवर ओढली. "चिन्मयी म्हणाली, थांब, तुझं पातेलं देते. रात्री मी स्वतः घासून, पुसून, ओट्यावर उपडं घातलंय. आत गेली. ओट्यावर पातेलं नव्हतं. सगळी बोट उलथीपालथी केली. नाहीच."

"मग?"

"यतीनच्या बोटीत होतं. त्या बुटक्या छताखाली, जिथे तो गुडघे धरून बसला होता तिथे. उपडं. नाव कोरलेलं, तेच. आणि मधे आठ-दहा मैल नदी." काकांनी घसा खाकरला. "सुचित्रानं वापरलं नाही पुन्हा. म्हणाली, कितीही पुसलं तरी... जाऊ दे. कुंपणावरून मला दिलं. म्हणाली, तुम्ही ठेवा, तुम्ही भुतांना घाबरत नाही."

मितालीनं फोनचा टॉर्च टेबलाकडे वळवला. उपड्या पातेल्याच्या काठावर, खाली, उलटी अक्षरं होती. तिनं मान वाकडी करून वाचली.

सौ. सुचित्रा.

"काका, यू आर सो मीन!" निहारिका ओरडली. "मिसळ ह्याच्यात केलीत?"

"तू पुसलंस ना चांगलं?"

"पुसलं. तव्यावर धरलं. हात भाजला माझा."

"मग उचल."

काकांच्या तोंडावर हसू नव्हतं. ते पातेल्याकडे बघतही नव्हते.

निहारिकेनं पातेलं उचललं. खालच्या लाकडावर पाण्याचा गोल होता, भरलेला, काठोकाठ. त्याला चिखलाचा वास येत होता. आणि टेबलाच्या फटीतून ते पाणी सावकाश... थेंब थेंब... खाली गळत होतं.