जहाजाकडून पोच

रविवारी दुपारी मी ऑफिसात गेले ती फक्त एक आकडा बदलायला. तासाभरात परत येऊ म्हणून खरकटी भांडी तशीच ठेवून निघाले होते.

आमची कंपनी मालवाहू जहाजं चालवते आणि तिचा मेल सर्व्हर मी सांभाळते. मेल वेळेवर गेले तर कोणी आभार मानत नाही, अडकले की मात्र सगळं ऑफिस माझ्या नावानं शंख करतं. अडकलेला मेल रांगेत उभा राहतो. सर्व्हर त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा समोरच्या सर्व्हरचं दार ठोठावतो, आणि पाच दिवस कोणी ओ दिली नाही तर हात टेकतो. मग तो मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. सोबत एक कोरडी ओळ असते, या पत्त्यावर कोणी नाही.

माझा धाकटा भाऊ आमच्याच एका जहाजावर इंजिनखोलीत होता. वादळ झालं आणि त्या जहाजाचा ठावठिकाणाच लागेना. भावजय पोटुशी, आठवा महिना. ती रोज संध्याकाळी त्याला मेल लिहायची आणि तो मेल माझ्या रांगेत येऊन उभा राहायचा. दुसऱ्याचे मेल वाचू नयेत हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी वाचले. 'दाराला आतून कडी लावत नाही, कधीही या.' 'डाव्या कुशीवर झोपते, तुमची बाजू रिकामी ठेवते.' रविवारी संध्याकाळी पाच दिवस भरत होते आणि तिचा पहिला मेल तिच्याकडे परत जाणार होता. ती ओळ तिनं वाचावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याच संध्याकाळी शोधबोटही माघारी फिरणार होती. "काही खूण मिळाली तर थांबवतो, पोरी," मालक म्हणाले होते. "नुसत्या आशेवर किती दिवस माणसं समुद्रात ठेवू?"

सर्व्हरच्या खोलीला खिडकी नाही. दार लोटलं की दुपार आहे का मध्यरात्र, काही कळत नाही. पंख्यांची घरघर, हिरवे दिवे, तापलेल्या धुळीचा वास. मी पाच दिवसांचा आकडा बदलून तीस केला. तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण हात तिथंच राहिला. तासातासानं ठोठावतोस कशाला, एकसारखा ठोठाव, असं मी सर्व्हरला सांगितलं आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

बघता बघता माझा धीर सुटला. मी टेबलावर डोकं टेकलं आणि त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं रडले. "घ्या ना… कोणीही घ्या, पण घ्या…"

पंखे थांबले.

दिवे चालू होते, पडदा चालू होता. फक्त आवाज गेला होता. बंद पडलेला फ्रीज बऱ्याच दिवसांनी उघडावा तसा वास आला. मी मान वर केली. ओळी थांबल्या होत्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, स्वीकारले. भावजयीचे सगळे मेल एका दमात गेले होते.

प्रयत्नांती परमेश्वर म्हणतात. दरवेळी तोच भेटेल असं मात्र कोणी म्हटलेलं नाही. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी पळत बाहेर आले आणि मालकांना फोन केला.

"जहाजानं मेल घेतले! कोणीतरी आहे तिथं… बोट थांबवा!"

मालक घरच्या चपलांवरच आले. खोलीबाहेरच्या खुर्चीत बसून त्यांनी बोटीला निरोप दिला, फिरू नका, शोधत राहा. मी आत जाऊन नोंदी उघडल्या. पंखे पुन्हा फिरत होते. दोन सर्व्हर बोलायला लागले की दार उघडणारा आधी आपलं नाव सांगतो, ही रीतच आहे. आमचं जहाज नेहमी जहाजाचं नाव सांगायचं. या वेळी नावाच्या जागी काहीच नव्हतं.

जहाजाला उपग्रहाची लाइन देणाऱ्या कंपनीला मी फोन लावला.

"मॅडम, ती लाइन वादळापासून बंद आहे," तिथला ऑपरेटर म्हणाला. "आमच्याकडून काहीच गेलेलं नाही."

"मग मेल घेतले कोणी?"

"ते… तुम्हीच बघा."

हे मालकांना सांगावं का? सांगितलं तर बोट फिरेल. मी नोंदी बंद केल्या आणि आतच बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाहेर मालकांचा फोन वाजला आणि ते ओरडले, "पोरी, सापडला! तराफ्यावर होता, तुझा भाऊ! जिवंत आहे!"

मी हसले, रडले, त्यांच्या पाया पडले. सगळ्या शंका गेल्या चुलीत. भावजयीला कळवायला मी तिचा नंबर लावला. तिनं लगेच उचलला. ती कुजबुजत होती.

"ताई, मीच करणार होते फोन. अहो, हे आले!"

"हो गं, मलाही आत्ताच कळलं. बोट बंदराला लागायला अजून…"

"बोट कसली? घरी आलेत. मघाशीच."

"अगं, तो समुद्रात आहे. आत्ता सापडलाय. तू… कोणाला घरात घेतलंस?"

"काय थट्टा करता, ताई! माझे सगळे मेल मिळाले म्हणाले. मी डाव्या कुशीवर झोपते, हे परक्याला कसं कळेल?"

"काय करतोय तो?"

"पोटाला कान लावून बसलेत." ती जरा थांबली. "फार गार आहेत हो. कपडे कोरडे आहेत, तरी…"

"बाहेर पड. आहेस तशी शेजारी जा. माझं ऐक…"

मालकांनी आपला फोन माझ्या दुसऱ्या कानाला लावला. "घे, बोल त्याच्याशी." त्यात वारा होता आणि वाऱ्यात माझा भाऊ, माझाच भाऊ, लहान मुलासारखा रडत होता.

"उठू देत नाहीत, ताई," भावजय म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. "सारखं एकच विचारतायत…"

"काय?"

"आणखी किती दिवस."